कोरडी भुई

आषाढ लागून पंचगंगेचे पाणी घाटाच्या पायऱ्या एकेक करून आपल्या ताब्यात घेऊ लागले, भिंतींना ओल चढली, आणि दोरीवर टाकलेले धोतर तिसऱ्या दिवशीही नेसण्याजोगे होईना, म्हणजे कोल्हापुरात ज्यांच्या माडीवर कबुतरांची ढाबळ आहे त्यांचे लक्ष पक्ष्यांवरून उतरून पक्ष्यांच्या पायांखालच्या भुईवर जाते. दाण्याची तजवीज बाजारातून होते, औषध दवाखान्यातून आणता येते, मांजराचा आणि मुंगसाचा बंदोबस्त जाळीने होतो. परंतु कोरडेपणा ही वस्तू ऐन आषाढात कोठेही विकत मिळत नाही. ती आधी सिद्ध करून ठेवावी लागते, आणि ती सिद्ध करण्याचा जो मार्ग मला दीर्घ अनुभवाने सर्वांत श्रेयस्कर वाटत आला आहे, तो म्हणजे जमिनीवर जाड गादी घालून ती मोडू न देण्याचा.

कोंबड्या पाळणाऱ्यांच्या परिचयाची ही पद्धत अशी आहे की, भाताची तुसे, लाकडाचा कीस, भुईमुगाची टरफले असा एखादा शुष्क व सच्छिद्र पदार्थ जमिनीवर तीन-चार इंच जाडीने पसरावयाचा, त्यावर पडणारी विष्ठा रोजच्या रोज उचलून न टाकता त्याच थरात मिसळून वाळू द्यावयाची, थर दबला की वर नवी भर घालावयाची, आणि असे करता करता सहा-आठ इंचांची जी भुसभुशीत भुई तयार होते ती वर्षभर तशीच राखावयाची. प्रथम ऐकणाऱ्यास हे विपरीत वाटते, आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. ज्या घरात सडासंमार्जन झाल्याखेरीज दिवसाचा व्यवहार सुरू होत नाही, भांडे घासल्यावर ते पाण्याने विसळल्याविना शुद्ध मानले जात नाही, त्या घरात वाढलेल्या माणसाच्या अंतःकरणात शुचिता आणि पाणी यांची गाठ इतकी घट्ट बसलेली असते की, मळ जागच्या जागी ठेवून आरोग्य साधते हे त्याच्या बुद्धीला पटले तरी हाताला पटत नाही. हात सवयीने बादलीकडेच जातो.

कबुतरांचा शौक मला ज्यांच्या सहवासात लागला, ते आमचे वस्ताद मंगळवार पेठेतील एका जुन्या वाड्याच्या माडीवर काही गिरेबाज आणि काही होमर बाळगून होते. शाळेचा त्यांना फारसा संस्कार नव्हता. परंतु ढाबळीत पाऊल टाकण्यापूर्वी उंबऱ्याशी क्षणभर उभे राहून ते जो एक श्वास घेत, त्या एका श्वासात त्यांना रात्रीचे सारे वर्तमान कळत असे. नंतर ते वाकून चार ठिकाणची गादी मुठीत घेत, मूठ आवळीत आणि उघडीत. मुठीतल्या पदार्थाचा गोळा झाला तर तेथे पाणी मुरले आहे. मूठ उघडताच तो धुळीसारखा उडाला तर तेथे फाजील शुष्कता आहे. आणि बोटांची खूण क्षणभर धरून तो आपोआप विस्कटला तर सर्व यथास्थित आहे, असा त्यांचा निर्णय असे. आधुनिक कुक्कुटपालनशास्त्र गादीतील पाण्याचा अंश शेकडा 20 ते 30 असावा असे सांगते, आणि वस्तादांची मूठ त्याच मर्यादेवर बोट ठेवीत असे असे मला आज वाटते. एका पावसाळ्यात मी ढाबळ धुऊन काढण्याची गोष्ट काढली, तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, पावसाळ्यात ढाबळीत पाणी नेऊ नका. धुतलेली फळी वाळायला चार दिवस लागतात, आणि त्या चार दिवसांत रोग आत येऊन बसतो बी." या बोलण्यामागचे शास्त्र मला पुढे पुस्तकांत सापडले, आणि ते त्यांच्या शब्दांहून फार निराळे नव्हते.

पक्षी मूत्र वेगळे टाकीत नाहीत. शरीरातील नत्राचा त्याज्य भाग ते यूरिक आम्लाच्या रूपाने विष्ठेबरोबरच बाहेर टाकतात, आणि निरोगी कबुतराच्या विष्ठेवर जी पांढरी टोपी दिसते ती हीच. यूरिक आम्ल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. कोरड्या जागी ते दीर्घकाळ निरुपद्रवी अवस्थेत पडून राहते. परंतु त्याला ओलावा आणि ऊब लाभली की सूक्ष्म जंतू त्याचे प्रथम युरियात आणि मग अमोनियात रूपांतर करतात. ढाबळीत शिरताच डोळ्यांना जी झोंबणी लागते आणि नाकात जो उग्र दर्प भरतो तो या अमोनियाचा होय, आणि म्हणून त्या दर्पाचे दायित्व विष्ठेपेक्षा तिच्यात शिरलेल्या पाण्यावर अधिक आहे. जे दर्पाचे, तेच रोगाचे. कबुतरांच्या आतड्यांत कॉक्सिडिया नावाचे जे परोपजीवी वास करतात त्यांची बीजे विष्ठेबरोबर बाहेर पडतात त्या क्षणी बाधक नसतात. बाधक होण्यास त्यांना हवा, ऊब आणि ओल यांचा सहवास एक-दोन दिवस तरी मिळावा लागतो. जंतांच्या अंड्यांनाही पक्व होण्यासाठी ओलसर जागेत काही दिवस ते काही आठवडे घालवावे लागतात. कोरड्या भुईवर ही मुदत त्यांना मिळत नाही. आपण डोळ्यांना दिसणारा मळ खरवडून काढतो आणि न दिसणारी ओल मागे ठेवतो, तेव्हा रोगाच्या दृष्टीने आपण किरकोळ वस्तू उचलून मुख्य वस्तू तशीच ठेवलेली असते.

या पद्धतीला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळाली ती कोंबड्यांच्या निमित्ताने. अमेरिकेतील ओहायो राज्यात वूस्टर येथील कृषिसंशोधन केंद्रात केनार्ड आणि चेंबरलिन या संशोधकांनी 1940 नंतरच्या दशकात असे दाखवून दिले की, ताज्या भुशावर वाढविलेल्या पिलांपेक्षा जुन्या, मुरलेल्या गादीवर वाढविलेली पिले अधिक निकोप राहतात. इतकेच नव्हे, तर ज्या पिलांच्या खाद्यात प्राणिज प्रथिनांची उणीव आहे त्यांची ती उणीवही जुनी गादी काही अंशी भरून काढते. बी-12 हे जीवनसत्त्व 1948 मध्ये शुद्ध स्वरूपात हाती आले, आणि गादीतील सूक्ष्म जंतू तेच निर्माण करीत असतात हे कळल्यावर या गूढाचा उलगडा झाला.

परंतु कोंबडीचा न्याय कबुतराला जसाच्या तसा लावता येत नाही, आणि येथेच उत्साही माणसाने थांबून विचार करावयास हवा. कोंबडी ही उकरणारी आहे. दिवसभर तिचे पाय भुई उकरीत असतात, आणि या उकरण्याने विष्ठा भुशात मिसळते, थराला हवा लागते, वरचे खाली आणि खालचे वर होते. म्हणजे गादीची अर्धी मशागत कोंबडी स्वतःच करते. कबुतराच्या स्वभावात हे मुळीच नाही. ते डौलाने चालते, चोचीने वेचते, पण पायाने उकरीत नाही. आणि रात्री ते ज्या फळीवर बसते तिच्या बरोबर खाली रात्रभराची विष्ठा एका जागी साचत राहते. अशा स्थितीत गादी घालून स्वस्थ बसणाऱ्या माणसाच्या ढाबळीत फळ्यांखाली घट्ट पापुद्रे धरतात, पापुद्र्यांखाली ओल कोंडते, आणि बाकी सारी भुई कोरडी असूनही त्या दोन हात जागेतून रोग निपजतो. कोंबडीचे काम येथे माणसाला करावे लागते. वस्तादांकडे लाकडी दात्यांचे एक छोटे दाताळे होते आणि एक दिवसाआड त्याने ते बसण्याच्या फळ्यांखालची भुई हलक्या हाताने मोकळी करीत. त्याखेरीज प्रत्येक फळीखाली त्यांनी एक रुंद पाट ठोकला होता, ज्यावरची विष्ठा वाळली की खरवडून निराळी काढता येई आणि गादीवरचा भार निम्मा होई. युरोपातील काही जुने कबूतरबाज याहून पुढे जाऊन भुसा मुळीच घालीत नाहीत. वाळून चुरा झालेल्या विष्ठेचीच ते भुई होऊ देतात. त्यांच्या निष्ठेविषयी मला आदर आहे, पण आपल्या हवेत तो मार्ग मी कोणास सुचविणार नाही, कारण केवळ विष्ठेच्या थरास पाणी सामावून घेण्याची जी अल्प शक्ती असते ती आमच्या आषाढाला पुरणारी नाही.

गादीच्या जाडीचे खरे प्रयोजन या सामावून घेण्यातच आहे. प्रौढ कबूतर दिवसाला साधारणतः 30 ते 60 मिलिलिटर पाणी पिते, आणि त्यातील बहुतेक भाग श्वासावाटे व विष्ठेवाटे ढाबळीतच सोडते. चाळीस पक्ष्यांच्या ढाबळीत रोज दीड-दोन लिटर पाणी या मार्गाने येते, आणि पावसाचा एक थेंबही आत न येता येते. हे पाणी गादी नाहीसे करीत नाही. ती ते आपल्या असंख्य पोकळ्यांत पसरवून धरते, आणि कोरडा वारा लागला म्हणजे पुन्हा हवेच्या स्वाधीन करते. माघ-फाल्गुनात ही देवघेव दिवसाच्या दिवशी पुरी होते. परंतु आषाढात हवाच पाण्याने भरलेली असते, तेव्हा देणे थांबते आणि घेणेच चालू राहते. आणि मग उन्हाळ्यात पुरी वाळून ठेवलेली सहा-आठ इंचांची जाडीच त्या दीड-दोन महिन्यांना पुरावी लागते. म्हणूनच मृग लागल्यावर गादी घालावयास धावणारा माणूस उशिरा धावतो असे मी म्हणतो. पातळ गादी पहिल्या आठवड्यात तृप्त होते आणि त्यानंतर ती स्वतःच ओलीचे आगर बनते.

कोणता पदार्थ घालावा याविषयी आमच्या भागात निवडीला भरपूर वाव आहे. आजऱ्याकडून, गगनबावड्याकडून येणाऱ्या भाताची तुसे गिरण्यांवर स्वस्तात मिळतात. त्यांत वालुकेचा अंश मोठा असल्यामुळे ती लवकर कुजत नाहीत आणि थरात हवा खेळती ठेवतात, पण ती वजनाने इतकी हलकी असतात की पक्ष्यांच्या पंखांच्या वाऱ्याने कोपऱ्यात जाऊन साचतात आणि पाण्याच्या भांड्यात पडतात. भुईमुगाची टरफले पाणी चांगले शोषतात, परंतु ओल राहिली तर त्यांवर बुरशी धरते, आणि बुरशी ही पक्ष्यांच्या फुप्फुसांची वैरीण आहे. उसाच्या चोयट्यांचा या मुलखात तोटा नाही, पण त्यांतील गोडव्यामुळे त्याही बुरशीला लवकर बळी पडतात. करवतीखालचा बारीक भुसा धूळ उडवितो. या सर्वांत सुताराच्या रंध्याखालून निघणारा कुरळा कीस मला उत्तम वाटतो; तो पाणी घेतो, लवकर दबत नाही, आणि तुसांच्या थरावर पसरला तर त्यांनाही जागेवर धरतो. घरट्यांसाठी मात्र निपाणीच्या बाजूने तंबाखूच्या काड्या मिळतील तर अवश्य आणाव्यात. घरट्यात त्या ठेवल्या म्हणजे उवा-पिसवांचा उपद्रव कमी होतो, हा अनुभव इकडचा तसाच परदेशातील कबूतरबाजांचाही आहे. चुन्याविषयी एक सूचना द्यावीशी वाटते. विरलेला चुना कोरड्या गादीत माफक मिसळल्यास ती भुसभुशीत राहण्यास मदत होते. पण गादी ओली झाल्यावर घाईने चुना टाकला, तर त्यातील अमोनिया एकाएकी सुटून साऱ्या ढाबळीत कोंदतो आणि पिलांचे डोळे पाझरू लागतात. ओल्या भागावर उपाय एकच, तो भाग खोऱ्याने काढून टाकावा आणि तेथे कोरडी भर घालावी.

पाण्याचे भांडे गादीवर ठेवू नये. जाळीच्या चौकटीवर ठेवावे, म्हणजे सांडलेले पाणी खाली तबकात पडेल. दाणाही गादीवर विखरू नये. कबुतराला स्नानाची मोठी आवड असते, आणि स्नानानंतर त्याच्या पिसांतील सूक्ष्म चूर्णाची दुधासारखी साय पाण्यावर तरंगते ते दृश्य मनोहर असते; पण ते स्नान गच्चीवर उन्हात घडावे आणि पंख वाळेपर्यंत ढाबळीचे दार मिटलेले असावे.

याहून महत्त्वाची गोष्ट हवेची. गादी कितीही उत्तम घातली तरी तिने धरलेली वाफ वाहून नेणारा वारा नसेल तर सारे श्रम व्यर्थ जातात. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून ढाबळीचे तोंड पूर्वेस असावे, पश्चिमेची बाजू फळ्यांनी बंद असावी, आणि ऊन होऊन वर चढणारी दमट हवा निघून जाण्यासाठी छपराच्या पाख्याखाली लांब फट असावी. नुसता पत्रा घातला तर पहाटे त्याच्या आतल्या अंगास दवाचे थेंब धरतात आणि ते गादीवर टपकतात. पत्र्याखाली फळ्यांचे अस्तर दिले तर हा उपद्रव टळतो. जमीन गच्चीपासून हात-दीड हात उंच असावी, म्हणजे खालूनही वारा फिरतो आणि उंदीर-घुशींना दडण्यास जागा राहत नाही. ढाबळीच्या जागेची निवड हलगर्जीपणाने करू नये, याला इतिहासाचीही साक्ष आहे: फरगण्याचा अधिपती उमर शेख मिर्झा अखसीच्या किल्ल्यात दरीच्या कडेवर बांधलेल्या कबूतरखान्यात असता ती इमारत कोसळून 1494 मध्ये मरण पावला, आणि त्याचा कोवळ्या वयाचा मुलगा बाबर गादीवर आला.

कबुतरांची विष्ठा साठविणे हे मनुष्यजातीने अनेक देशांत बुद्धिपुरःसर केलेले आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे आमच्या पद्धतीचे नवलही कमी होते. इस्फहानच्या आसमंतात सफवी राजवटीत कबुतरांसाठी विटांचे प्रचंड बुरूज उभारले गेले; सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी शार्दँ त्यांची संख्या तीन हजारांहून अधिक सांगतो. आत हजारो कोनाडे, त्यांत राहणारे रानपारवे, आणि वर्षातून एकदा उघडले जाणारे दार. त्या दारातून निघणारे खत टरबूज-खरबुजांच्या वाड्यांना जाई. वर्षभर साचलेल्या त्या राशीने पाखरांना अपाय झाला नाही, कारण इराणची हवा कोरडी. जे तेथे हवेने दिले ते आपल्याला तुसांनी आणि दाताळ्याने मिळवावे लागते.

इंग्लंडची हकीकत याहून विलक्षण आहे. तोफेच्या दारूसाठी सोरा हवा, आणि सोरा तयार होतो तो नत्रयुक्त मळ जिरलेल्या मातीत. परंतु ती माती पावसापासून सुरक्षित असली पाहिजे, नाहीतर तयार झालेला सोरा पाण्याबरोबर वाहून जातो. कबूतरखान्याची मातीची जमीन या दोन्ही अटी पुऱ्या करी. त्यामुळे सोरा खणणारे सरकारी लोक परवाना घेऊन खाजगी कबूतरखान्यांत शिरत आणि जमीन उकरून नेत. सतराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पहिल्या चार्ल्स राजाने तर कबूतरखान्यांची जमीन फरसबंद करू नये असे फर्मानच काढले. पुढे बिहारातील सोरा ईस्ट इंडिया कंपनीच्या गलबतांतून विलायतेस मुबलक जाऊ लागला आणि तेथील जमीनदारांच्या मागचा हा जाच सरला. या मातीत काय घडत होते ते समजण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले: श्लेझिंग आणि म्युंट्झ यांनी 1877 मध्ये दाखविले की नत्राचे हे रूपांतर सजीव जंतू घडवून आणतात. ज्या भुईला आपण केर समजून झाडून टाकतो, ती एका राज्याच्या शस्त्रागाराचा आधार होती, आणि तिची कसोटीही छपराखालची कोरडी जागा हीच होती.

कपोताची कथा आपल्याला भागवताच्या एकादश स्कंधात भेटते, आणि एकनाथांनी ती मराठीत आणली. अवधूताच्या चोवीस गुरूंपैकी तो एक. पिले जाळ्यात सापडलेली पाहून कपोती आणि तिच्यामागून कपोत स्वतः त्या जाळ्यात पडतो, आणि गृहासक्तीचा परिणाम पाहून अवधूत सावध होतो. वैराग्याच्या मार्गावर हा बोध योग्यच आहे. परंतु ज्याने कबुतरे पाळली आहेत त्याच्या अंतःकरणाला ही आसक्ती निराळ्या रीतीने स्पर्श करते. होमर जातीचे पाखरू शेकडो मैलांवर सोडले असता ऊन, वारा, ससाणा यांतून मार्ग काढीत परत येते. दोन अंडी नर आणि मादी पाळीपाळीने सतरा-अठरा दिवस उबवितात. आणि पिलांना पहिल्या दिवसांत दोघेही आपल्या गळ्यातील पिशवीत उत्पन्न झालेले दूध भरवितात. घरावर एवढी निष्ठा ठेवणाऱ्या जीवाला परत आल्यावर पाय ठेवण्यास जी भुई मिळते ती ओली, दर्पयुक्त आणि रोगट असावी, हा मला त्याच्या विश्वासाचा भंग वाटतो. या विषयावर इतक्या आग्रहाने लिहावेसे वाटले ते याचमुळे.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. रोज खरवडणाऱ्या माणसाला विष्ठेवरून पक्ष्याची प्रकृती वाचता येते: हिरवट, पातळ, फेसाळ अशी प्रत्येक चूक त्याला सकाळीच दिसते, गादीवर ती खूण बुडते, म्हणून फळ्यांखालच्या पाटांकडे रोज नीट पाहण्याचा नेम सोडता कामा नये. ढाबळीत सांसर्गिक रोग एकदा पसरला तर गादीचा मोह न धरता ती सर्वच्या सर्व बाहेर काढून जाळून टाकावी. दाटी झालेल्या ढाबळीला कोणतीही गादी तारू शकत नाही. पक्षी कमी करणे हाच तेथे उपाय. आणि सर्वांत गंभीर गोष्ट धुळीची. विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेल्याने काही माणसांच्या फुप्फुसांना कायमची सूज येते, धाप लागते, आणि पक्ष्यांपासून दूर होण्यावाचून त्यावर खात्रीचा उपाय राहत नाही. डॉक्टर याला कबूतर पाळणाऱ्यांचे फुप्फुस अशाच अर्थाच्या नावाने ओळखतात. म्हणून फाजील कोरडी, उडणारी गादीही मला मान्य नाही. आणि आमच्याकडे शिकावयास येणाऱ्या मुलांना नाकातोंडावर मुखपट्टी बांधल्याखेरीज मी दाताळे हाती देत नाही.

गादी बदलावयाची ती वैशाखात. त्या दिवशी पक्षी गच्चीवरच्या जाळीत हलवावे, काढण्यापूर्वी गादीवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारावा म्हणजे धूळ बसते, आणि मग खोऱ्याने वरचे दोन हिस्से काढून तिसरा हिस्सा, तो निरोगी असेल तर, जमिनीवर तसाच राहू द्यावा. दह्याला जसे विरजण, तसे हे जुने मुरलेले द्रव्य नव्या भुशाला लवकर वळण लावते. मोकळी झालेली जमीन आणि नवा कीस दोन-चार दिवस वैशाखाच्या उन्हावाऱ्यात तापू द्यावा. काढलेली गादी ताजी असताना झाडाच्या बुडाशी घालू नये, ती फार उष्ण पडते. खड्ड्यात मातीबरोबर थर देऊन दोन-तीन महिने मुरवावी, आणि मग वांगी, दोडका, भोपळा यांच्या आळ्यांना द्यावी. आमच्या शेजारचे माळीबुवा तिच्यासाठी चैत्रापासूनच चौकशी करू लागतात, आणि हातगाडी घेऊन येतात ती मृगाच्या आधी, रस्ते कोरडे आहेत तोवर.